उरलेल्या चार गोळ्या

मी गोळ्यांची पट्टी बोलतेय. खरं तर पट्टी म्हणवून घ्यायला माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. दहा गोळ्यांपैकी एक गोळी आणि कात्रीनं वेडीवाकडी कापलेली कडा, एवढीच मी. माझं नाव आणि मुदतीची तारीख कधीच कापल्या गेलेल्या तुकड्यांबरोबर गेली. पण माझ्या अंगावरची लाल रेघ अजून दिसते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका, असा तिचा अर्थ. ती रेघ वाचणारं माणूस मला आयुष्यात एकदाच भेटलं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे सगळं स्वच्छ, पांढरं आणि गप्प. टोपी घातलेल्या एका बाईनं मला पट्ट्यावरून उचललं, उजेडात धरून दहाही खळगे भरले आहेत ना ते पाहिलं आणि परत ठेवलं. आम्ही प्रतिजैविक. अंगात शिरलेल्या जंतूंना मारायचं, हे आमचं काम. ज्या आजारांत घरातली माणसं पूर्वी हात जोडून बसायची, त्या आजारांतून आमच्या घराण्यानं माणसं उठवून बसवली आहेत. खोक्यात एकमेकींना चिकटून पडल्या पडल्या आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

मला विकत घेतलं ते एका बस ड्रायव्हरनं. त्यांच्या छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं, "सकाळी एक, संध्याकाळी एक. पाच दिवस. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

तीन दिवसांत ताप उतरला. चौथ्या दिवशी ड्रायव्हरकाका गणवेश चढवून आरशासमोर भांग पाडत होते. त्यांच्या बायकोनं पाण्याचा पेला आणि मला पुढे केलं.

"आता कशाला? ठणठणीत आहे की," ते म्हणाले. "उगाच पोट जाळायचं."

ती हसली आणि मला पदराला पुसून तिनं डब्यात ठेवलं. माझ्यात चार गोळ्या उरल्या होत्या.

या बाईंना सगळी इमारत मावशी म्हणायची. चार मजले, एकच जिना, गच्चीवर सगळ्यांची मिळून एक पाण्याची टाकी. दुसऱ्या मजल्यावर मावशींचं घर आणि मावशींच्या घरात बिस्किटांचा हा जुना पत्र्याचा डबा. त्यात माझ्यासारख्याच सात-आठ जणी होत्या. कुणीच पूर्ण नव्हती. कुणात दोन गोळ्या, कुणात तीन. इमारतीत कुणाला शिंक आली तरी पावलं या दाराशी वळायची. मावशी कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नसत. जीव लावणारी बाई. दवाखान्यात ताटकळत बसण्यापेक्षा मावशींच्या डब्यातली गोळी बरी, असं लोक म्हणायचे आणि मावशींना ते ऐकायला आवडायचं. त्यांच्या मनात खोट होती असं मी कधीच म्हणणार नाही.

चौथ्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई राहायच्या. एकदा त्या नाक पुसत पुसत आल्या. "परीक्षा तोंडावर आल्या आहेत मुलांच्या. मला पडून राहून कसं चालेल?"

मावशींनी कात्री घेतली, माझा एक खळगा कापला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "आजच्या आज घ्या. उद्या उभ्या राहाल."

बाईंना साधी सर्दी होती. सर्दी ज्या विषाणूनं होते, त्याच्यावर आमचं काही चालत नाही. ती आपली चार दिवसांत आली तशी गेली असती. पण माणसाच्या पोटात लाखो साधे जंतू आपापलं काम करत गुण्यागोविंदानं राहत असतात. माझी गोळी सर्दीपर्यंत पोचली नाही, त्यांच्यात जाऊन पडली. जे दुबळे होते ते मेले. जे चिवट होते त्यांना मोकळी जागा मिळाली आणि ते वाढले. बाई तिसऱ्या दिवशी बऱ्या झाल्या. श्रेय मला मिळालं.

मग तळमजल्यावरचा रंगारी आला. भिंतीचा जुना रंग काढताना खरवडणी लागून त्याचं बोट सुजलं होतं. "मावशी, उद्या मोठं काम आहे, मालक थांबायचा नाही." त्याला दोन गोळ्या मिळाल्या. एक त्या दिवशी, एक दुसऱ्या दिवशी. ठणका कमी झाला तसा तो कामावर गेला. महिन्याभरात ते बोट पुन्हा फुगलं, पिकलं, आणि या वेळी डॉक्टरांनी औषधं बदलून बदलून पाहिली तरी काही केल्या बरं होईना. शेवटी बोटाचं टोक काढावं लागलं.

तो हाताला पांढरी पट्टी बांधून जिन्यावर बसला होता तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुझा डॉक्टरच बदलायला हवा होता. माझ्या गोळीनं पहिल्या दिवशी आराम पडला होता की नाही?"

"पडला होता ना," रंगारी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

डब्यात पडल्या पडल्या मी हे ऐकत होते. आम्हाला मागायला येणाऱ्यांना मला कधी हे सांगता आलं नाही की प्रत्येक वेळी आम्ही थोड्या थोड्या निकामी होतोय. एकट्या माझ्याबद्दल नाही बोलत मी. आमचं अख्खं घराणंच.

मावशींची सून पोस्टात काउंटरवर काम करायची. बोलणं मोजकं, काम नेटकं. तिला दिवस गेले तेव्हा मावशींनी दोनदा डबा उघडला. एकदा तिचं डोकं दुखत होतं, एकदा कणकण होती. दोन्ही वेळा सून म्हणाली, "नको आई. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही घेणार नाही."

"अगं, आम्ही काय गोळ्या खाऊन मेलो का?"

"तसं नाही आई. पण नको."

आणि ती पाणी पिऊन डोळे मिटून पडून राहिली. नऊ महिन्यांत तिनं या डब्यातलं काही तोंडात घातलं नाही.

मुलगी झाली. पावणेतीन किलोची, दिवस भरून आलेली. मावशी तिला पिटुकली म्हणायला लागल्या. तिसऱ्या दिवशी बाळ घरी आलं आणि जिना दिवसभर वर-खाली होत राहिला. शिकवणीच्या बाई आल्या, रंगारी आला, ड्रायव्हरकाका ड्युटीवरून येऊन थेट पाळण्याशी गेले. प्रत्येकानं बोट पुढे केलं आणि पिटुकलीनं प्रत्येकाचं बोट धरलं.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं दूध ओढणं सोडलं. सून म्हणाली, "आई, हिचे पाय बघा. गार लागतायत." मावशींनी पाय चोळले, कपड्यात गुंडाळलं. दुपारपर्यंत बाळ रडायचंही थांबलं. मावशींचा मुलगा घाईघाईनं घरी आला आणि सगळे हॉस्पिटलात गेले.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी मावशी अंघोळीला म्हणून घरी आल्या. अंघोळ राहिली बाजूला. त्यांनी डबा उघडला, माझी शेवटची गोळी उरलेला तुकडा निवडला आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. असं मी हॉस्पिटल पाहिलं.

नवजात बाळांच्या खोलीला काच होती. काचेपलीकडे पेट्यांमध्ये बाळं ठेवलेली. सून बाकावर बसून काचेतून एकाच पेटीकडे बघत होती. तिच्या छातीला दूध दाटलेलं, ब्लाउज ओला झालेला, त्याचं तिला भान नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी रुमाल सोडला.

"डॉक्टर, रागावू नका. ही आमच्याकडची गोळी. आमच्या इमारतीत सगळ्यांना लागू पडते. कुटून, पाण्यात कालवून नुसती जिभेवर लावली तरी..."

डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं. उलटसुलट केलं. लाल रेघेवर त्यांचा अंगठा थांबला. "बाकीच्या गोळ्या कुठे गेल्या, आजी?"

मावशींनी काही लपवलं नाही. सहा ह्यांनी घेतल्या, एक शिकवणीच्या बाईंना, दोन रंगाऱ्याला. सांगताना आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता.

"याच घराण्यातलं औषध आम्ही बाळाला पहिल्या दिवशी शिरेतून दिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चाललं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. तिच्या रक्तातले जंतू आम्ही तपासले. बारा औषधांची नावं होती कागदावर. अकरांच्या पुढे एकच शेरा आहे, उपयोग नाही. बारावं आम्ही चालू केलंय. ते मूत्रपिंडाला झेपत नाही. पण दुसरं आता काही नाही."

मावशींनी काचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पण तिनं तर कधी काहीच खाल्लं नाही हो. आईच्या दुधाशिवाय थेंब गेला नाही तिच्या पोटात. तिच्या आईनंसुद्धा काही घेतलं नाही. मग तिच्या अंगाला औषधांची सवय झाली कशी?"

"सवय माणसाला नाही होत, आजी. जंतूंना होते. आणि जंतू काही एका घरात राहत नाहीत. हातावरून जातात, पाण्यातून जातात, जिन्याच्या कठड्यावरून जातात. ते तिच्यापर्यंत आले तेव्हा शिकूनच आले होते."

"कुणाच्या घरातून आले?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या इमारतीतून आले असतील, या हॉस्पिटलमधून आले असतील. आम्हीसुद्धा घाईघाईत नको तिथे ही औषधं लिहून देतो. कोंबड्यांना देतात, गुरांना देतात. सगळ्यांनी मिळून शिकवलंय त्यांना."

त्यांनी मला मावशींच्या हातात परत दिलं. मावशींनी मुठीत धरलं. मागे बाकावर सून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मान वळवून सासूकडे पाहिलं आणि पुन्हा काचेकडे पाहायला लागली.

पिटुकली अकराव्या दिवशी दुपारी गेली. तिला घरी आणलं तेव्हा जिन्यात सगळी इमारत उभी होती.

माझ्यामुळे गेली असं मी म्हणू का? तसा पुरावा नाही. माझ्यामुळे नाही गेली, असं म्हणू? त्याचाही नाही. कुणा एकाचा दोष असता तर त्याला शिक्षा करून मोकळं होता आलं असतं. इथे ती सोयही नव्हती.

पंधरा दिवसांनी मला मुठीत घेऊन मावशी दारोदार गेल्या. इमारतीतल्या प्रत्येक घरात बसून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. शिकवणीच्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, असं मनाला लावून घेऊ नका. नशीब असतं एकेकाचं." रंगारी म्हणाला, "एका गोळीनं कुठे काय होतंय?" सगळ्यांचे डोळे भरून आले. ऐकलं मात्र कुणीच नाही.

घरी येऊन मला डब्यात टाकून मावशी टेकल्या, तेवढ्यात काका खोकत खोकत आत आले. खालच्या मेडिकलमधून त्यांनी नवी पट्टी आणली होती.

"डॉक्टरांना विचारलंत का?" मावशींनी विचारलं.

"त्यात काय विचारायचं? तीच गोळी आहे. उद्या ड्युटी आहे माझी."

"चिठ्ठी नसताना दिली त्यानं?"

"रोजच देतो की सगळ्यांना."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत आली, फळीवरचा डबा खाली काढला आणि मावशींसमोर ठेवला. "आई, हे माझ्या डोळ्यांसमोर नको." त्यानंतर ती सासूशी कामापुरतंच बोलायची. महिन्याभरानं ती माहेरी गेली. मुलगा दर रविवारी तिला भेटून एकटाच परत येतो, असं मी अजून डब्यात असताना ऐकलं.

मावशींनी एक दिवस डबा कचऱ्याच्या बादलीत उपडा केला. त्यांना वाटलं, चला, संपलं एकदाचं.

संपत नाही. मी आता गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर आहे. माझ्यावरचा चंदेरी कागद फाटलाय, गोळीला ओल लागली आहे आणि ती विरघळत चालली आहे. खालच्या चिखलात जंतूंची वस्ती आहे. त्यातल्या दुबळ्यांना मी मारतेय आणि चिवटांना शिकवतेय. दुसरं काही करणं माझ्या हातात नाही. वर पक्षी बसतात, कुत्री पायानं उकरतात, आणि चिखल त्यांच्याबरोबर निघून जातो.

तुमच्या घरातही फळीवर एखादा डबा असेल, त्यात माझी एखादी बहीण पडलेली असेल. कुणी मागायला आलं तर नाही म्हणा. त्याला राग येईल. येऊ द्या. हे मी सांगतेय खरी, पण मावशी सांगत होत्या तेव्हाही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या, म्हणून फार आशा धरत नाही.

आज सकाळी गोळी अर्धी उरली होती. तिच्यावरून वाहणारं पाणी उताराकडे चाललंय, आणि उताराला घरं आहेत.