मासळी सुकत घालून ये

वाचता येतं ना? मग जरा थांबा. मी पत्र्याचा बोर्ड बोलतोय. चार महिने मी एका किनाऱ्यावर लोकांना शिस्त लावायला उभा होतो, आणि खरं सांगू? माझ्याइतका बेशिस्त तिथे दुसरा कोणी नव्हता.

माझा जन्म बोईसरला, चंद्रभान पेंटरच्या दुकानात. अक्षर त्याचं झकास, पण मराठी त्याला कळत नाही. कागदावरचं बघून उतरवतो. कागदावर होतं, 'येथे मासळी सुकत घालू नये.' माझ्या अंगावर उमटलं, 'येथे मासळी सुकत घालून ये.' एक 'न' इकडचा तिकडे सरकला, बस्स! 'हो गया, एकदम बढिया,' असं म्हणत त्याने मला उन्हात ठेवलं. मी कशाला तोंड उघडू? माझा तर अजून रंगही वाळला नव्हता.

शिरगावच्या बाजूला कोळ्यांची एक लहानशी वस्ती आहे. तिथे सुरूच्या झाडांपाशी मोकळ्या जागेत मला ठोकलं. हे काम कुंदनशेठचं. तो गावाच्या सुशोभन समितीचा अध्यक्ष, आणि मुंबईच्या पाहुण्यांना घरात खोल्या देणारा. पाहुण्यांना जवळ्याचा, म्हणजे त्या बारीक सुक्या कोळंबीचा, वास नको होता आणि गाड्या लावायला जागा हवी होती. नारळ फुटला, टाळ्या पडल्या, पण मला नीट कोणी वाचलंच नाही. बोर्ड आहे म्हणजे मनाईच असणार, असं सगळे धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाकाकी आली आणि तिने माझ्या पायाशी जाळं पसरून जवळा सुकत घातला.

"काकी, बोर्ड दिसत नाय काय?" कुंदनशेठ ओरडला.

"दिसतो ना! म्हनून तं घातला," काकी म्हणाली.

अहाहा, काय ते त्याचं तोंड झालं! तो तिथून तडक निघाला आणि नियम मोडणाऱ्यांची यादी करायला बसला. ज्याचं नाव तीनदा येईल, त्याची मासळी सुकवायची जागा जाणार. काकीचं घर त्या सुक्या जवळ्यावर चाललेलं, आणि भरतीचं पाणी न येणारी तेवढीच एक जागा. यादीत सगळ्यात वर तिचंच नाव लागलं. तेव्हा मात्र मला जरा ओशाळल्यासारखं झालं. चूक माझी आणि शिक्षा तिला!

कुंदनशेठची मुलगी हिमानी पालघरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकते. 'लोक नियम का मोडतात?' हा तिचा प्रकल्प. वही घेऊन ती माझ्या खांबाला टेकून बसली, आणि काकीला एकेक सिद्धांत समजावून सांगायला लागली.

"काकी, एक पंडित म्हणतो, समाज स्वप्नं दाखवतो आणि वाट अडवतो. मग माणूस आडवाटेला लागतो."

"माजं सपान येवढंच, जवळा कडक वाळला पायजे."

"दुसरा म्हणतो, नियम मोडायला माणूस संगतीत शिकतो."

"माजी संगत? ह्या कावळ्यांची!"

"तिसरा म्हणतो, घरादाराशी घट्ट बांधलेला माणूस सहसा वाकडं वागत नाही."

"अगो पोरी, घराशी बांदलेली हाय म्हनून तं उनात बसलेय."

मला हसून हसून गंज सुटायची वेळ आली. मग हिमानी म्हणाली, "आणि चौथा म्हणतो, मुळात काहीच वाईट नसतं. लोक शिक्का मारतात, तेव्हा ते वाईट ठरतं."  काकी हाताने जवळा उलटत राहिली.

काकीचं नाव तिसऱ्यांदा आलं तेव्हा कुंदनशेठने सगळ्या वस्तीला माझ्यासमोर गोळा केलं. "आजपास्नं ही जागा बंद!"

काकी उठली. ती मोठेपणी प्रौढ वर्गात अक्षर अक्षर लावून वाचायला शिकलेली. तिला घाईत वाचताच येत नाही. तिने माझ्या अंगावर बोट ठेवलं आणि मोठ्यांदा वाचलं, "सुकत. घालून. ये." पुन्हा वाचलं. मग असा हशा पिकला की झाडावरचे बगळे उडाले!

कुंदनशेठ लालबुंद झाला. "पेंटरची चूक हाय. बरं, झालं ते माफ. उद्या बोर्ड नीट करतो, मग जागा बंद."

"माफ?" काकीचा आवाज चढला. "काय माफ करतोस रे कुंदन? तुजी आय ह्याच जागेवर जवळा घालायची. तिच्या बाजूला बसून मी शिकले. तू तिच्या पाठीमागं कावळे हाकलायचास. तवा बोर्ड नव्हता, म्हनून ती चांगली, आन मी गुन्हेगार? लिही मग यादीत. पयलं नाव तिचं लिही. माजं खाली लिही."

 कुंदनशेठच्या हातात पेन होतं, पण ते काही कागदाला लागलं नाही. त्याने यादीची घडी केली, खिशात घातली आणि मान खाली घालून तो घरी गेला.

पाहुण्यांच्या गाड्या आता त्याच्याच अंगणात लागतात. मला उपटून काकीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलंय. कोंबड्या माझ्यावर जे काही करतात, त्यावर कुठल्याच पंडिताचा सिद्धांत नसावा. पण मी मजेत आहे, माझी काळजी करू नका. फक्त एक ऐका. कुठे बोर्ड ठोकायला निघालात, तर त्या जागेवर आधी कोणाची आई बसायची, तेवढं विचारून घ्या.