पुटं चढलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. एका अंतराळतळाच्या पाठीवर मला बसवलं आहे. माझा आकार परातीसारखा खोलगट. ऊन गोळा करायचं आणि समोरच्या नळीवर टाकायचं, हे माझं काम. ती उष्णता आत जाऊन हवा गाळणारे दाणे तापवते. तापले की दाणे शोषलेली घाण बाहेर टाकतात आणि पुन्हा कामाला लागतात. मी थंडावलो, तर आतल्या माणसांचा दम कोंडतो.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! फिटरकाका तर मला 'मालक' म्हणायचे. पुढे मी सगळ्यांच्या सवयीचा झालो. सांडपाण्याची वाफ सोडायला दोन झडपा होत्या. लांबच्या झडपेपर्यंत रांगत जावं लागे. जवळची उघडली की वाफ थेट माझ्या तोंडावर. 'आजच्या दिवस' म्हणत सगळे जवळचीच उघडायचे. काकांची लेक तळावरची डॉक्टर, तीही त्यातलीच. माझ्यावर पुटं चढत गेली. मला फार वाईट वाटायचं, पण आरशाने कुणाला सांगायचं?

मग आतल्यांची डोकी ठणकू लागली, बोलताना धाप लागू लागली. काका मला पुसायला निघाले. माणूस बाहेर असेपर्यंत माझं तोंड उन्हापासून फिरवायचं, असा नियम होता. लेकीने त्याची आठवण करून दिली.

"फिरवलंस तर आहे तेवढीही हवा मिळायची नाही. राहू दे," काका म्हणाले.

नळीपाशी उभं राहून ते लांब दांडीच्या बोळ्याने पुसू लागले. मित्रांनो, तिथेच घात झाला. मी जसजसा उजळलो, तसतसं माझं ऊन त्यांच्या अंगावर एकवटत गेलं. मला मिटायला पापण्या नाहीत.

"बाबा, परत या. हवा सुधारलीय," लेक आतून विनवत होती.

"मधलं एवढंच राहिलंय गं."

मधलंही त्यांनी पुसलं. मग त्यांचा हात थांबला आणि आवाजही. आत सगळ्यांना मोकळा श्वास आला. लेकीने त्याच श्वासाने टाहो फोडला.

आता तीच मला पुसते. आधी मला फिरवते, मगच बाहेर येते. माझ्यात स्वतःचा चेहरा मात्र कधी बघत नाही. मित्रांनो, ज्याच्या जिवावर जगता, त्याची वेळच्या वेळी निगा राखा. रोज कुणी पुसलं असतं, तर मला एक फडकं पुरलं असतं.