शिंकेच्या मधला चेहरा

माझा धंदा ओळखपत्राचे फोटो काढण्याचा. मान सरळ, तोंड बंद, डोळे उघडे, हसू नका. दिवसभर हेच म्हणत असतो, आणि बायकोच्या मते घरीही मी एवढंच बोलतो. कुणाचे डोळे मिटले, ओठ वाकडे झाले की तो फोटो मी तिथल्या तिथे पुसून टाकतो. लोकांनी आपलं तोंड नीट ठेवावं, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा आहे. जग ती पुरी करत नाही.

बायको कार्टूनच्या कंपनीत चित्रकार. गब्दुल्या नावाचा एक पाणघोडा पोस्टमन आहे, त्याच्या मालिकेत ती पहिल्यापासून होती. गब्दुल्या शिंकणार असेल तर थोरले चित्रकार शिंकेची सुरुवात काढायचे आणि शेवट काढायचे. मधली सगळी चित्रं हिने भरायची. पडद्यावर ती आली कधी, गेली कधी, कळतही नाही. मालिका केव्हाच बंद पडली. मग कुणा रिकामटेकड्याने जुना भाग बघताना तो नेमका शिंकेच्या मध्ये थांबवला. एक डोळा मिटलेला, दुसरा टक्क उघडा, ओठ कानाकडे निघालेले, हनुवटी बेपत्ता. खाली त्याने लिहिलं, 'साहेबांनी मीटिंगमध्ये माझं मत विचारलं तेव्हा मी.'

झालं! लोकांनी गब्दुल्याला गाण्यांवर नाचवला, लिफ्टमध्ये अडकवला, लग्नाच्या फोटोत नवऱ्याशेजारी उभा केला. 'सासूबाई म्हणाल्या, सहज आले.' 'डाएटचा पहिला दिवस.' मी पोट धरधरून हसलो. मेव्हण्याला पाठवला, व्याह्यांना पाठवला, बायकोलाही पाठवला. ती मात्र हसली नाही.

कंपनी आता ती मालिका नव्याने आणणार होती. असले वेडेवाकडे चेहरे ठेवायचे की नीट करून घ्यायचे, हे बायकोने आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"नीटच करून टाकते," सकाळी चहा गाळताना ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? तुझं चित्र सगळं जग डोक्यावर घेऊन नाचतंय!"

"नाचू दे. मला नकोय."

तिचे डोळे भरले होते. मला काही कळेना, आणि कळलं नाही की मी चिडतो. आम्ही तसेच आपापल्या कामाला गेलो.

दुपारी कॉलेजातली एक मुलगी फोटोला आली. तिच्या पिशवीवरही गब्दुल्याच.

"एवढं काय आहे गं त्याच्यात?" मी विचारलं.

"काका, सरळ चेहरा फक्त ओळखपत्रावर असतो. बाकी दिवसभर आपण सगळे असेच दिसतो. बघितलं की वाटतं, अरे, हा तर मीच! मग मैत्रिणीला पाठवायचं, बघ, ही तर तूच."

मला काही पटलं नाही. "मान सरळ," मी म्हणालो. तिचं नाक चमकत होतं म्हणून पावडरचा डबा उघडला आणि मलाच शिंक आली. दणदणीत.

मुलगी स्टुलावर थिजली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"काका," मोबाइल बाहेर काढत ती हळूच म्हणाली, "पुन्हा एकदा शिंकाल?"

शेजारी गिऱ्हाइकांचा आरसा होता. मी पावडर हुंगली. शिंकताना माणसाचे दोन्ही डोळे मिटतात म्हणे, पण माझा उजवा जन्माचा हट्टी, उघडाच राहतो. त्या एका डोळ्याने मी आरशात गब्दुल्या पाहिला.

तणतणत बायकोला फोन लावला. "तो मी आहे?"

"कुणी सांगितलं?"

"आरशाने! इतकी वर्षं मला पाणघोडा करून..."

"अहो, ऐका तरी. सुरुवात त्यांची, शेवट त्यांचा. मधल्या चित्रांकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. तेवढीच जागा माझी होती, तिथे मी माझं माणूस ठेवलं. तुमची शिंक, तुमची जांभई, किल्ली सापडत नाही तेव्हाचं तुमचं तोंड. कुणाला दिसणारच नव्हतं हो. आता सगळं जग हसतंय तुम्हाला, आणि वर तुम्हीच ते वाटत सुटलात. मला बघवेना. पुसून टाकते, काळजी करू नका."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. जे चेहरे मी जन्मभर पुसत आलो, तेच ही जपत आली होती. गिऱ्हाइकासमोर रडणं बरं दिसेना म्हणून मी तिसरी शिंक आल्याचं सोंग केलं.

"एक रेघसुद्धा हलवायची नाही," मी फोनवर म्हणालो. "लोक मला कुठे हसतायत? स्वतःलाच हसतायत. इथे एक पोरगी बसलीये, तिला विचार हवं तर."

संध्याकाळी बायको दुकानाशी आली. बाहेरच्या शोकेसमध्ये ताठ मानेच्या नमुन्यांच्या मधोमध मी गब्दुल्या लावला होता आणि त्याला खेटून माझा फोटो, त्या मुलीने टिपलेला, खऱ्या शिंकेचा. ती काचेपाशी थबकली आणि खो खो हसत सुटली. मान वाकडी, तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले. मी आतून कॅमेरा उचलला.

"कसा आलाय?" आत येऊन तिने विचारलं.

"नापास," मी म्हणालो, आणि शोकेसमध्ये आमच्या दोघांच्या शेजारी जागा केली.