दहावी ओळ

चारुलतानं उंबऱ्यावरच्या चपला उचलल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही, सासू अजून जिवंत आहे की गेली याची चौकशीसुद्धा केली नाही. उचलल्या, झटकल्या आणि व्हरांड्यातल्या लोखंडी मांडणीवर, प्रत्येकीची दुसरी शोधून, जोडीजोडीनं लावून टाकल्या, जशी काही शहाद्यातल्या चपलांच्या दुकानात कामाला लागली होती.

मंगलाबाईंनी हे सकाळीच पाहिलं. चहाची किटली घेऊन त्या नदीवरच्या ऑफिसात गेल्या होत्या. उंबरा मोकळा दिसला आणि त्या दारातच थांबल्या.

"चपला काय तुले चावत व्हत्यात का वं?"

"आई, आता त्यांची गरज नाही," चारुलता म्हणाली. तिची नजर कॉम्प्युटरवरून हललीही नाही. "कोण खाली आहे, कोण वर आलंय, सगळं इथं दिसतं."

मंगलाबाईंच्या जिभेवर दहा उत्तरं आली. त्यांनी एकही दिलं नाही. शिकलेली वहू, धुळ्याला तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून आलेली. घालू दे घोळ, मग येईल विचारायला, असं मनाशी म्हणत त्या किटली तिथंच ठेवून तरातरा घरी निघून आल्या.

चपलांचा नियम त्यांच्या मालकांनी, भिला पाटलांनी घालून दिलेला. गावाची पाणी उपसायची संस्था तापीच्या काठावर. काठाजवळ साठ फूट खोल गोल विहीर, नदीतून तिच्यात येणारा माणूसभर उंचीचा पाइप आणि पाइपाच्या तोंडावर लोखंडी झडप. दिवाळीनंतर झडप बंद करायची, विहिरीतलं पाणी उपसून टाकायचं आणि माणसांनी शिडीनं उतरून गाळ काढायचा. झडप उघडायचं बटण मात्र वर ऑफिसात. खाली माणूस असताना कोणी बटण दाबलं तर तापी त्याला पळायलाही वेळ देणार नाही. म्हणून भिला पाटलांनी ठरवलं, की जो उतरेल त्यानं आपली एक चप्पल ऑफिसच्या उंबऱ्यावर, अगदी वाटेत टाकायची. बटणाकडे जाणाऱ्याला ती ओलांडावीच लागेल. वर आलेला माणूस आपली चप्पल आपण उचलेल. सव्वीस वर्षं हे चाललं. मालक गेले तरी चाललं.

दोन वाजले. सकाळी गाळ काढायला उतरलेला त्यांचा मुलगा, हेमकांत, जेवायला आला नाही.

मंगलाबाईंनी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. अडीच झाले. फोन लावला तर लागेना. विहिरीच्या तळाशी फोन लागत नाही हे त्यांना माहीत होतं, पण गाळ तर दुपारपर्यंत संपणार होता. हेमकांतबरोबर गाळ काढणारा शांतीलाल समोरच्या गल्लीतून जेवून, सुपारी कातरत परत जाताना दिसला.

"शांतीलाल, हेमकांत कोठे शे रे?"

"घर नही उना का? आम्ही संगेच वर उनूत. मी जेवाले जास म्हने." तो थांबला. "ऱ्हायना व्हई कोठे बोलत."

मंगलाबाईंनी डबा भरला आणि निघाल्या. नदीकडची वाट उसातून जाते. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे ऊस भरून निघालेला ट्रॅक्टर त्यांच्या अंगावर धूळ उडवत गेला. धूळ खाली बसेपर्यंत एरवी त्यांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज त्या चालतच राहिल्या. चपला, चपला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ऑफिसात पोचल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. थ्री फेजची लाईट चारला जाते, त्यामुळे घाई चालली होती. सुकराम, धडगावकडचा पन्नाशीचा माणूस, बटणांच्या डब्यासमोर उभा होता. चारुलता कॉम्प्युटरसमोर.

"बघून घे ताई," सुकराम म्हणाला. "सगळे वर ना?"

"सगळे वर. हिरव्या आहेत सगळ्या ओळी. उघड."

सुकरामनं बटण दाबलं. जमिनीखालून घरघर उठली आणि मंगलाबाईंच्या तळपायांतून वर चढली.

"हेमकांत कोठे शे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"आई? ते घरीच जेवायला गेलेत ना."

"घरथीनच मी यी ऱ्हायनी."

चारुलताचा चेहरा अजून समजुतीचाच होता, कुठेतरी गेले असतील असा. मंगलाबाई मात्र वळून व्हरांड्यात गेल्या. मांडणीवर नीट, टाचेला टाच लावून एकच जोडी उरली होती. हेमकांतच्या काळ्या चपला, उजवीचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा त्यांनीच मोच्याला दिला होता, घरच्या गोधडीतला.

चप्पल इथं. म्हणजे पाय अनवाणी. म्हणजे माणूस गाळात.

"बंद कर!" त्या ओरडल्या, आणि तो आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "सुकराम, बंद कर ते! मन्हा पोऱ्या खाले शे!"

सुकरामनं लाल बटणावर मूठच मारली. घरघर थांबली, मग उलटी सुरू झाली. पण ती झडप पंख्यासारखी थांबणारी नव्हे. जेवढी वर गेली तेवढीच सावकाश खाली येणार, वीत वर जायला दीड मिनिट तर खाली यायलाही दीड मिनिट. तेवढा वेळ तापी आत येत राहणार, आणि हे त्या तिघांनाही ठाऊक होतं.

मंगलाबाई विहिरीच्या काठाशी पोचल्या. कठड्याला धरून वाकल्या. खाली काळोख आणि त्या काळोखात पाण्याचा आवाज, पाणी दगडावर आदळून उलटं फिरल्यासारखा. गाळाचा थंड वास तोंडावर आला.

"हेमकांत!"

विहिरीनं त्यांचंच बोलणं परत केलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली. शांतीलाल आला, त्यानं सोल, म्हणजे जाड दोर, खाली सोडला, सुकराम शिडीवरून खाली निघाला. चारुलता मात्र आली नव्हती. मागे ऑफिसातून तिचा आवाज येत होता, कोणाशीतरी भांडल्यासारखा: "नाही, नाही, हिरवं आहे, हिरवं आहे..."

हाच कठडा भिला पाटलांनी बांधून घेतला होता. हेमकांत पाच वर्षांचा होता तेव्हा त्याला इथून खाली वाकताना पाहून मंगलाबाईंनी त्याच्या पाठीत अशी दिली होती, की तो दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. आता त्याच कठड्यावर त्यांची बोटं इतकी घट्ट बसली की नखांखाली चुना गेला. सकाळी बोलले असते तर. एक वाक्य. जिभेला कधी लगाम नसलेली बाई मी, आणि नेमकी आजच गप्प बसले.

घरघर थांबली. पाण्याचा आवाज पातळ झाला. मग थेंब थेंब.

"बॅटरी मारा!" खालून सुकरामचा आवाज.

शांतीलालनं बॅटरी मारली. उजेड भिंतीवरून सरकत खाली गेला, गढूळ पाण्यावर थरथरला आणि शिडीपाशी थांबला. शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारलेला, छातीपर्यंत बुडालेला माणूस, गाळानं माखलेलं डोकं. ते हललं.

"फावडं..." डोकं म्हणालं. "फावडं गयं."

मंगलाबाई खाली बसल्या. डब्यातली भाजी केव्हा सांडली ते त्यांना कळलं नाही.

हेमकांत वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. हळूहळू उलगडलं. शांतीलालबरोबर तो वर आला होता खरा, पण फावडं पाइपाच्या तोंडाशीच राहिलं. ते आणायला एकटाच परत उतरला. उतरायच्या आधी नव्या नियमाप्रमाणे ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकलं. चारुलता तेव्हा मागच्या खोलीत जेवत होती. खाली गेल्यावर पाइपाच्या जाळीत अडकलेला चिंध्यांचा गोळा दिसला, तो सोडवता सोडवता दीड-दोन तास कसे गेले ते त्याला समजलंच नाही.

"मी नाव टाकलं होतं," तो पुन्हा म्हणाला. "टाकलं होतं मी."

मंगलाबाई त्याच्या अंगावर आपला पदर टाकून ऑफिसात गेल्या. चारुलता खुर्चीवर दगडासारखी बसली होती. पडद्यावर नऊ ओळी, नऊच्या नऊ हिरव्या.

"मले दखाड," मंगलाबाई म्हणाल्या. "काय शे हाई? मन्हा पोऱ्या कोठे गया ह्याम्हाईन?"

चारुलतानं यादीच्या चौकटीचा खालचा कोपरा पकडला आणि ताणला. चौकट लांब झाली. नवव्या ओळीखालून दहावी वर आली. हेमकांत भिला पाटील. आत. लाल. पूर्ण वेळ ती तिथंच होती, काठाखाली.

"आई, ही चौकट म्हणजे खिडकीसारखी असते," चारुलता पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. "यादी आत, खिडकीच्या मागे. यादी लांब झाली की ती वर-खाली सरकवता येते. बाजूला ही पट्टी असते ना, खाली अजून आहे की नाही ते ही पट्टी सांगते."

"जसे गच्चीवर साडीवर वाळत घालेल बिबड्याना पापड, खिडकीमाईन थोडाच दखातस. साडी लांब, खिडकी लहान."

"हो. तसंच. प्रत्येक उतरणीला एक ओळ वाढते. यादी वाढली की नवी लांबी चौकटीला कळवायला लागते. हा प्रोग्राम मीच लिहिला, आणि त्यात मी ती फक्त सुरू होताना एकदाच मोजली. घरी मी चाळीस नावं टाकून पाहिलं होतं, पण ती आधीच भरलेली होती, म्हणून सगळं सरकत होतं. इथं सकाळी रिकाम्या यादीनं सुरू केलं. नऊ ओळी खिडकीत मावल्या. दहावी खाली गेली आणि पट्टीला तिचा पत्ताच नाही. पट्टी म्हणत राहिली, की खाली काही नाही. मी तिच्यावर..."

ती टेबलावर डोकं टेकून, आवाज न करता रडायला लागली.

मंगलाबाईंनी त्या लाल ओळीकडे बराच वेळ पाहिलं. अक्षरं त्यांना जोडून जोडून वाचावी लागत, पण मुलाचं नाव त्यांना दुरून ओळखू येई. मग त्या व्हरांड्यात गेल्या, मांडणीवरची ती काळी उजवी चप्पल उचलली आणि आणून उंबऱ्याच्या मध्यावर आपटली. सुकराम दचकला. चारुलतानं डोकं वर केलं.

"आयक, चारू," मंगलाबाई म्हणाल्या. "सकायले मी उंबरा मोकया दखा, आन् मुद्दाम गप बसनी. तुन्ही फजिती व्हवो म्हनीसन. ती चूक मन्ही, मी नाकारत नही. पन तू काचमा दखं आन् विहीरमा वाकीसन दखं नही, ती चूक तुन्ही. तुन्हं मशीन फेकाले मी सांगत नही. ती यादी शेवटला मानूसपर्यंत सरकाले पाहिजे, तशी कर. ती सरकाले लागनी तरी चपला उंबऱ्यावरच ऱ्हातीन. आन् तोवर, झडप उघडाना टाईमले, तू सोता ह्या उंबऱ्यावर बसशी, चपलीसना बाजूले. सुकरामले तुले वलांडीसन बटनकडे जानं पडी. ऊठ आते, नवराले च्या दे. आन् रडू नको त्या मशीनवर, पानी गयं तर दहावीच काय, पहिली ओय बी दखावाव नही."