नर्सबाईंचं मागचं चाक

नर्सबाई तिसऱ्यांदा स्कूटर ढकलत दुकानापाशी आल्या, तेव्हा पंक्चरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग बाईंवर नव्हता. त्यांच्या मागच्या चाकावर होता, आणि त्याहून जास्त धाकट्या भावावर. पहिला पॅच धाकट्याने लावला होता आणि हवा दोन दिवसही टिकली नव्हती. "एवढी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, एक पॅच धड लावता येत नाही?" असं बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्याने भावाला भर गिऱ्हाइकांत सुनावलं. पॅच ठीक आहे, हवा दुसरीकडून जातेय, एवढंच सांगून धाकटा उठून गेला, तो पुन्हा दुकानात फिरकला नाही. मग थोरल्याने तो पॅच उखडून त्याच जागी स्वतः नवा लावला. तरी चाकातली हवा पुन्हा गेली.

बाई घरोघरी जाऊन इंजेक्शनं देत. आज एका म्हातारीला सकाळचं इंजेक्शन दुपारी मिळालं होतं. बाईंनी ते आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं.

त्याने ट्यूब काढून फुगवली आणि टबातल्या पाण्यात बुडवली. व्हॉल्व्ह मुठीत गच्च धरायचा आणि बाकीची ट्यूब इंचाइंचाने पाण्यातून फिरवायची, ही त्याची तीस वर्षांची रीत. एक बुडबुडा येईल तर शपथ. पुन्हा फिरवली, पुन्हा पाणी ढिम्म. ट्यूब रस्त्यावर भिरकावून द्यावी असं त्याला वाटलं.

बाई स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सगळी बुडवलीत, पण हातातलं तेवढं राहिलं ना?"

व्हॉल्व्हची पिन आपण थुंकी लावून तपासलीय, हे तो तोंडावर फेकणारच होता. तरी त्याने मूठ सोडली. पितळी नळी जिथे रबरातून वर येते, तिथे ती जराशी वाकवून पाण्यात धरली. बुडाशी रबर चिरलं होतं. बुडबुड्यांची रांग लागली. इतके दिवस ती चीर तो स्वतःच्याच बोटांनी दाबून धरत होता.

नवी ट्यूब टाकून घेऊन बाई गेल्या. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. हात पुसून त्याने फोन लावला.

"तुझा पॅच बरोबर होता. व्हॉल्व्ह फाटला होता. चुकलं माझं."



"ओरडलास तेव्हा पाच माणसं होती, दादा," धाकटा म्हणाला. "आता कोण आहे तिथे?"

दुकानात कोणीच नव्हतं.