शिवण पाहून घेतलेली गाडी

मित्रांनो, भंगारवाल्याच्या आवारात भिंतीला टेकून एक काळी, धिप्पाड गाडी उभी आहे. समोरचा एक डोळा फुटलेला, दार आत चेपलेलं. जवळ या, घाबरू नका. ती जुनी गाडी मीच आहे आणि तुम्हाला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून अजून शाबूत आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांनी कशातच हात आखडता घेतला नाही. खड्डा लागला तर आतल्या माणसाला कळू नये म्हणून त्यांनी माझ्या चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या बसवल्या. आसनांना अस्सल कातडं चढवलं. वजनही तसंच भारदस्त होतं आणि त्या वजनाला थांबवणारे ब्रेकही तितकेच महागडे होते. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. महागडी वस्तू जन्मभर महागडीच राहते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

माझं पहिलं घर एका बड्या व्यापाऱ्याचं. तिथे रोज माझी आसनं पुसली जायची. काही बिघडलं की मी कंपनीच्या कार्यशाळेत, म्हणजे माझ्या माहेरी जायची आणि वॉरंटी होती तोवर सगळं फुकटात व्हायचं. वॉरंटी संपली. कार्यशाळेने पुढच्या कामांचा अंदाज सांगितला. हवेच्या पिशव्या, टायर, ब्रेक, गिअरचं तेल, सगळंच एकदम बदलायला आलं होतं. व्यापारी हुशार. त्याने त्यातलं एकही काम केलं नाही आणि पुढच्याच आठवड्यात मला जुन्या गाड्यांच्या दलालाकडे उभं केलं.

तिथे मला पाहायला एक सोफे शिवणारा कारागीर आला. सोबत त्याची बायको होती. दोघांचं एकच दुकान. तो लाकूड आणि फोम बघायचा, ती शिवण करायची. त्यांचा एक टेम्पो होता, म्हातारा पण कष्टाळू. पण बड्या घरची गिऱ्हाइकं टेम्पो पाहून भाव पाडतात, असं कारागिराच्या मनाने घेतलं होतं.

त्याने माझं दार उघडलं आणि कातडं चिमटीत धरून पाहिलं. शिवणीवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहराच उजळला.

"अगं, बघ ही शिवण! एक टाका निसटलेला नाही. ज्याने आसनं इतकी जपली, त्याने इंजिन जपलं नसेल का?"

ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती, मित्रांनो. त्याला आयुष्यभर जे उत्तम कळत होतं, त्यावरूनच त्याने मला पारखलं.

बायको मात्र माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. "अहो, घ्यायची किंमत कळली. हिला पोसायला काय लागेल, ते विचारा ना त्यांना."

दलाल हसला. "वहिनी, पेट्रोल टाका आणि फिरा! राणी आहे राणी."

टेम्पो विकून त्यांनी मला घरी आणलं. गल्लीतल्या पोरांनी माझ्या काचेत तोंडं पाहिली. मेहुण्याने विचारलं, "भावजी, आता आमच्याशी बोलणार ना?" कारागीर दिवसभर हसत होता. तेवढा एकच दिवस.

मग एका सकाळी मी पुढच्या डाव्या कोपऱ्यात खाली बसलेली सापडले. हवेची पिशवी फुटली होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि सावकाश बंद केलं. "भाऊ, हिला माहेरीच न्या." माहेरी नुसतं दुखणं शोधायचेही पैसे पडले. एका पिशवीच्या दुरुस्तीत घरातली शिल्लक गेली. पुढे टायर आले. माझ्या एका टायरच्या पैशांत टेम्पोची चारही चाकं नवी झाली असती. विम्याचा हप्ता ऐकून तर कारागिराच्या तोंडचं पाणी पळालं. आधी दुकानातला फोम कमी झाला, मग गिऱ्हाइकं. मला विकावं म्हटलं, तर दलालाने हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवला.

अशात माझे ब्रेक झिजले. मी चालकाच्या डोळ्यांसमोर पिवळा दिवा लावला. तो दिसेनासा व्हावा म्हणून कारागिराने त्यावर फोमचा तुकडा चिकटवला. मग मी चाकांतून किंचाळू लागले.

"अहो, हिचं काहीतरी दुखतंय," बायको म्हणाली.

"पुढच्या ऑर्डरचे पैसे आले की करू." असं म्हणून त्याने गाणी मोठ्याने लावली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे खरंच पैसे नव्हते, आणि माझ्यामुळेच नव्हते.

ती ऑर्डर डोंगरावरच्या एका हॉटेलातल्या खुर्च्यांच्या गाद्यांची होती. दोघांनी गाद्या पोहोचवल्या, पैसे हातात आले. उतरताना तो म्हणाला, "उद्या आधी ब्रेक." तिसऱ्या वळणावर त्याने पाय दाबला. मी जीव तोडून थांबायला पाहिलं. पण धातूवर धातू घासत होता आणि माझं ते भारदस्त वजन मलाच आवरेना. मी दगडी कठड्यावर आदळले. मागच्या आसनावर उजव्या दाराशी बसलेल्या बायकोने सावरायला उजवा हात दाराला लावला होता. दार आत आलं.

ती वाचली. हाडं जुळली, पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. त्या दुकानातली सगळी शिवण त्या बोटांची होती. दुकान आता बंद आहे. कारागीर दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जातो.

परवा दोघं इथे आली होती, माझ्यातलं उरलंसुरलं सामान न्यायला. भंगारवाला म्हणाला, "वहिनी, फोडा एखादी काच. मन हलकं होईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तिच्यावर कसला राग? ती बिचारी सांगत होती."

तिच्या चपलेचा बंद सुटला होता. कारागीर खाली बसला आणि त्याने तो लावून दिला.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी अशी जुनी, देखणी गाडी घ्यायचं निघालं, तर लहान आहात म्हणून गप्प बसू नका. हिला सांभाळायला वर्षाला काय लागेल, हे विचारा. पुढची कोणती कामं टाळून ही विकायला काढली आहे, हेही विचारा. पेलवत नसेल तर हात जोडून मागे फिरा, त्यात कमीपणा नाही. आणि घेतलीतच, तर तिची दुखणी वेळेवर बघा. माझ्या ब्रेकचा खर्च पुढे ढकलला म्हणून कोणाला चुकला नाही. तो कारागिराच्या बायकोने उजव्या हाताने भरला.