शेजारच्या सीटचा ब्रेक

"हे घेतलेत मास्तर, तर गल्ली झोपायची नाही," पार्टवाल्याने एक डबी पुढे सरकवली. "आणि हे घेतलेत, तर तुम्ही झोपायचे नाही." दुसरी डबी त्याने पहिलीच्या शेजारी ठेवली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही डब्यांतले ब्रेकपॅड काढून हातात तोलून पाहिले. एकाला नखाने ओरखडून वासही घेतला. त्यांची मुलगी शेजारी उभी राहून काचेच्या कपाटातल्या तिसऱ्या, लाल डबीकडे बघत होती.

"आणि ते?" तिने विचारलं.

"ते नुसते शर्यतीचे, ताई. तापल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी गार गाडी घेऊन सिग्नलला पोचलात आणि पाय मारलात, तर गाडी आधी विचार करेल आणि मग थांबेल."

"नको," मास्तर म्हणाले. "गाडीने विचार करू नये. तेवढ्यासाठी आत माणूस बसवलेला असतो."

मास्तरांना ब्रेकमधलं कळत नाही, असं त्यांच्या शत्रूनेही म्हटलं नसतं. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवला होता. चालवण्यात म्हणजे शेजारच्या सीटवर बसून. त्या सीटखाली, म्हणजे पायांशी, एक जादा ब्रेक होता. शिकणारा गोंधळला की मास्तर तो दाबत. शिकणारा गोंधळण्याच्या बेतात असला, तरी दाबत. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, आणि त्या अर्ध्या शहराचा समज असा होता की गाडी आपण थांबवतो. त्यांच्या गाडीचे पॅड इतरांच्या निम्म्या वेळात झिजत, कारण ते दोन माणसांनी मिळून झिजवलेले असत. पार्टवाल्याला त्यांच्याविषयी अपार आदर होता, तो काही उगाच नाही.

एवढी वर्षं ब्रेकवर ठेवलेला पाय स्कूल बंद केल्यावर काही मोकळा होईना. सिनेमात कुणी गच्चीच्या कडेला गेलं की मास्तरांचा पाय खाली दाबला जाई. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं होतं. इतकंच काय, घरात कुणी ग्लासात पाणी ओतत असलं आणि पाणी काठाशी आलं, तरी टेबलाखाली पाय दाबला जाई. मग मुलगी वर न बघता म्हणे, "बाबा, पाय!"

ही मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतं का?" असं शांतपणे विचारणाऱ्या या पोरीला सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर गाडी पळवायचं वेड लागलं होतं. गावाबाहेरचा ट्रॅक महिन्यातून एकदा तुमच्याआमच्यासारख्यांना खुला असे. स्कूलची जुनी गाडी मास्तर भंगारात द्यायला निघाले होते, ती तिने मागून घेतली. मास्तरीणबाईंना वाटलं, पोरगी भावनाशील आहे.

गेल्या महिन्यात मात्र ट्रॅकवरच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, ऐन वळणाआधी, ब्रेकने दगा दिला. पॅड तापून तापून निकामी झाले होते, ब्रेक ऑइल उकळलं होतं. गाडी वळण सोडून गवतात शिरली आणि सुदैवाने तिथेच रुतली. हे तिने फक्त मास्तरांना सांगितलं.

"पाय पार तळाला गेला, बाबा. आणि खाली काहीच लागेना."

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. आईच्या कानावर ही गोष्ट घातली असती, तर संध्याकाळच्या आत गाडी दारातून गेली असती, हे त्यांना ठाऊक होतं. पोरीने आपल्यालाच का सांगितलं, हेही ठाऊक होतं. ते पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळचे पॅड मी निवडणार."

तर आता निवड त्यांच्यापुढे होती. गप्प बसणारे पॅड रस्त्यावर गुणी, पण तापले की हात वर करणारे. किंचाळणारे पॅड गार असताना कानाला त्रास देणारे, पण तापल्यावरही धरून ठेवणारे, आणि ट्रॅकपर्यंत जातानाही थांबवणारे.

"किंचाळणारे द्या," मास्तर म्हणाले. "आणि उकळणार नाही असं ब्रेक ऑइल."

"आता नीट ऐका," पार्टवाला म्हणाला. "नवे पॅड लगेच ट्रॅकवर न्यायचे नाहीत. आधी चाकातल्या डिस्कशी त्यांची सोयरीक जुळवायची. रिकामा रस्ता बघा. वेग घ्या, जोरात ब्रेक दाबा, पण थांबू नका. गाडी हळू झाली की पुन्हा वेग. असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. मग ब्रेकला अजिबात न शिवता गाडी फिरवत राहा, गार होऊ द्या. आणि एक लक्षात ठेवा, तापलेला ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. पॅड जिथे टेकलाय तिथेच डिस्कवर डाग पडतो. मग गाडी हिवताप आल्यासारखी थडथडते."

"हे तुम्ही मला सांगताय?" मास्तर म्हणाले.

"तुम्हालाच सांगतोय," पार्टवाला म्हणाला, आणि त्याने मुलीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी अंगणात गाडी उचलून चाकं काढली, डिस्क घासून लख्ख केल्या, पॅड चढवले, ऑइल बदललं. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"एवढं काय चाललंय?"

"सर्व्हिसिंग."

"माझं शिलाई मशीन वर्षभर खडखडतंय, त्याला नाही कुणी चाकं काढून बसलं."

मास्तरांनी शेवटचं चाक चढवलं. गाडी गल्लीत एक चक्कर मारून आली तेव्हा तिने असा काही सूर लावला, की समोरच्या घरातले आजोबा कानातलं यंत्र काढून तपासायला लागले.

शनिवारी सकाळी बापलेक कारखान्यांच्या मागच्या लांब रस्त्यावर गेले. कारखाने बंद, रस्ता मोकळा. मुलगी चालवत होती, मास्तर आपल्या हक्काच्या जागी होते.

"पाय लांब ठेवा," मुलगी म्हणाली.

"ठेवलाय."

"बाबा, दिसतोय मला."

मास्तरांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि मांडीवर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखे बसले. मुलीने वेग घेतला, दाबून ब्रेक मारला; मास्तर पट्ट्यात लटकले. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. चौथ्या-पाचव्या वेळी करपल्याचा वास यायला लागला, आणि ब्रेकची पकड दर खेपेला घट्ट होत गेली. मास्तरांची छाती फुगली. निवड बरोबर होती! किंचाळणंसुद्धा थांबलं होतं.

"आता गार करायची," मुलगी म्हणाली. "ब्रेकला शिवायचं नाही."

गाडी आरामात चालली होती. मास्तरांचे पाय कधी पुढे आले, ते त्यांनाही कळलं नाही. एवढ्यात वळणावरून दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली आणि दोन आचके खाऊन रस्त्याच्या मधोमध बंद पडली. अजून भरपूर अंतर होतं. मुलीने ॲक्सिलरेटर सोडला, गिअर खाली आणला, बाजूने काढायला स्टिअरिंग वळवलंही.

आणि मास्तरांनी जादा ब्रेक दाबला. हलकेच वगैरे नाही, सगळी वर्षं त्या पायात उतरली होती. गाडी जागच्या जागी खिळली.

"बाबा, पाय!"

पण मास्तरांनी तोवर काच खाली केली होती. समोरच्या गाडीत स्टिअरिंगमागे एक घामाघूम काकू होत्या, आणि शेजारी तो शिकवणारा चक्क फोनवर बोलत होता. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तळपाय होता तिथेच राहिला.

"अहो, फोन कसला करताय! तुमचा पाय कुठाय? पाय ब्रेकवर हवा, पाय! काकू, तुम्ही घाबरू नका, क्लच दाबा. पूर्ण. हां. आता चावी फिरवा."

"बाबा, पाय काढा!"

"थांब गं, त्यांची गाडी सुरू होऊ दे. काकू, क्लच हळू सोडा. हळू! शाब्बास!"

काकूंची गाडी सुरू झाली, आणि काकू कृतज्ञतेने हात हलवत गेल्या. पुढच्या चाकांतून निळसर धूर वर येत होता. मास्तरांनी तो पाहिला, मग खाली आपल्या पायाकडे पाहिलं. पाय अजून दाबलेलाच होता.

घरी येताना ब्रेक मारला की स्टिअरिंग मुलीच्या हातात थडथडत होतं. मास्तरांना ओरडा खायचा होता, पण पोरगी ओरडेना. दारात गाडी लावताना ती एवढंच म्हणाली, "आज डिस्क पुन्हा घासू. उद्या ट्रॅकवर जाताजाता पॅड परत सेट करते मी. एकटी जाते, बाबा."

हे मास्तरांना फार लागलं. दगा त्या जुन्या पॅडनी दिला तेव्हा ती त्यांच्याकडे आली होती. आता दगा त्यांनीच दिला होता. दुपारभर त्यांनी डिस्क घासल्या. डाग जाईपर्यंत घासल्या, आणि गेल्यावरही घासत राहिले. मुलगी मदतीला आली, तिला त्यांनी हात लावू दिला नाही.

मग ते गाडीत शेजारच्या सीटपुढे डोकं खाली घालून शिरले. बराच वेळ नुसते पायच बाहेर दिसत होते. आत पाना आपटल्याचे आणि "निघ की मेल्या" असे आवाज येत होते. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या तेव्हा मास्तर जमिनीवर बसले होते आणि त्यांच्या हातात जादा ब्रेकचं पेडल होतं. रबर झिजून मधोमध गुळगुळीत झालं होतं.

मास्तरीणबाईंनी कप खाली ठेवला.

"गवतात गेली होती ना गाडी?" त्या म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"बंपरमध्ये अडकलेला गवताचा पुंजका मीच काढला. म्हटलं, बघू, दोघं कधी सांगताहेत." त्यांनी पेडल हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. "हे काढलंत, बरं केलंत. मलापण धडकी भरते. पण ती काय आता ऐकणार आहे?"

रविवारी सकाळी मुलगी गाडीत बसली आणि तिची नजर शेजारी खाली गेली. तिथे नुसती चटई होती. तिने पलीकडे वाकून शेजारचं दार उघडलं. मास्तर फाटकापाशी, आपण सहज उभे आहोत असं दाखवत, उभे होते.

"चला, बसा," ती म्हणाली.

रिकाम्या रस्त्यावर तिने वेग घेतला. मास्तरांनी या खेपेला पाय मागे ओढले नाहीत; आता त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. एका जागी त्यांना वाटलं, आता. आणि पायाने चटई दाबली. गाडी तत्क्षणी हळू झाली. पुन्हा वेग. पुन्हा वाटलं, आता. चटई दाबली, आणि गाडी हळू झाली. मास्तरांनी चमकून खाली पाहिलं. पेडल नव्हतंच. तिचा पाय आणि त्यांचा पाय एकाच क्षणाला खाली जात होते. तिला गाडी कुणी शिकवली होती, हे ते विसरूनच गेले होते. त्यांना भरून आलं, म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

"काय झालं?"

"काही नाही. वास येतोय करपल्याचा. चांगलाय."

ट्रॅकवर शेजारी माणूस बसवायला परवानगी नव्हती. मास्तर लांब सरळ रस्त्याच्या टोकाला, जाळीपलीकडे जाऊन उभे राहिले. रुतलेल्या चाकांच्या खुणा गवतात अजून दिसत होत्या.

पहिल्या फेरीला गाडी आली, मास्तरांचा पाय दाबला गेला आणि गाडी त्याच क्षणी हळू होऊन वळली. दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं. तिसऱ्या फेरीला मास्तरांचा पाय दाबला गेला आणि गाडी तशीच पुढे आली. त्यांनी जाळी घट्ट धरली, पाय आणखी दाबला, आणि तेव्हा कुठे गाडीचं नाक खाली गेलं, ती दबली, आज्ञेतल्यासारखी वळली आणि निघून गेली. पुढची फेरी याहून उशिरा. त्याच्या पुढची आणखी. जिथे आयुष्यात त्यांनी कुणाला जाऊ दिलं नसतं, तिथपर्यंत जाऊन ती ब्रेक मारत होती, आणि दर वेळी ब्रेक धरत होता. मास्तर पाय दाबून तिची वाट बघत उभे होते.

शेवटची फेरी तिने ब्रेकला न शिवता हळूहळू मारली आणि गाडी बाहेर आणली. उभी करायची जागा जरा उतरती होती. तिने पाय उचलला, ब्रेक तापलेले म्हणून हँडब्रेकही लावला नाही. गाडी किंचित सरकली. मास्तर धावत गेले, कडेचा एक दगड उचलून त्यांनी चाकापुढे लावला आणि दगडाला बूट टेकवून उभे राहिले.

ती हेल्मेट काढून उतरली. चेहरा लालबुंद झाला होता.

"कसे होते ब्रेक?" तिने विचारलं.

"फार उशिरा मारतेस."

"धरले ना पण?"

"धरले," मास्तर म्हणाले.

ती हसली, पाण्याची बाटली घेऊन आपल्या मित्रमैत्रिणींकडे निघाली, आणि दोन पावलांवर थांबून तिने मागे पाहिलं. दगड चाकाखाली पक्का बसला होता, गाडी जराही हलत नव्हती.

"बाबा, पाय," ती हळूच म्हणाली.

"जा तू," मास्तर म्हणाले. "अजून गरम आहेत." आणि त्यांनी पाय तसाच ठेवला.